दोन फुटी समुद्र आणि परवडणारा उजेड

बारामतीत किंवा इंदापुरात फिशटँक काही नवा नाही. गोल्डफिश, मॉली, गप्पी, गेला बाजार एखादा कपाळ फुगलेला फ्लॉवरहॉर्न, असं काहीतरी अनेक घरांच्या हॉलमध्ये आणि दवाखान्यांच्या बाकांसमोर दिसतंच. नवी आहे ती खाऱ्या पाण्याची हौस. मोबाइलवर निळ्या प्रकाशात डोलणारी प्रवाळं आणि त्यांतून डोकावणारे नारिंगी क्लाउनफिश दिसतात आणि कॉलेजातल्या पोराला, बँकेतल्या कारकुनाला, कधी एखाद्या द्राक्ष बागायतदाराला वाटतं की हे आपल्याकडेही हवं. मग चौकशी सुरू होते. टाकीची किंमत कळते, ती झेपते. मिठाची कळते, तीही झेपते. दिव्याची किंमत ऐकली की मात्र घोडं तिथेच पेंड खातं. नामांकित परदेशी कंपन्यांचे रीफसाठीचे दिवे पन्नास हजारांच्या पुढे जातात. दोन फुटांच्या टाकीवर टाकीच्या अनेक पट किमतीचा दिवा लावायचा, हे गणित मध्यमवर्गीय घरात बसत नाही आणि हौस तिथेच विरते.

मला या लेखात ठामपणे सांगायचं आहे की नवशिक्याला तो दिवा लागतच नाही. ‘स्वस्तात भागवून घ्या, पुढे बघू’ अशी ही तडजोड नाही. महागडे दिवे ज्या प्राण्यांसाठी बनवले जातात, ते प्राणी भारतात घरात ठेवायला कायद्याने बंदी आहे. जे ठेवता येतात त्यांना इतका उजेड सोसतच नाही. ही साधी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून ती सविस्तर मांडतो.

आधी दिवा कशासाठी, ते पाहू. माशांना तो जवळजवळ लागत नाही. खोलीतल्या उजेडात क्लाउनफिश सुखाने जगतो. दिवा लागतो तो प्रवाळांना, आणि खरं म्हणजे प्रवाळांनाही नाही, तर त्यांच्या अंगात राहणाऱ्या एकपेशीय शैवालांना. जपानी संशोधक सिरो कावागुती पलाऊ बेटांवरच्या संशोधन केंद्रात काम करत होते. प्रवाळांच्या पेशींमधले हे तपकिरी ठिपके म्हणजे डायनोफ्लॅजेलेट जातीचे जीव आहेत, हे त्यांनी 1944 मध्ये दाखवलं. आपल्याकडच्या हौशी मंडळींच्या तोंडी त्यांचं ‘झू’ असं लाडकं नाव आहे, पूर्ण नाव झूझँथेली. प्रवाळाच्या कातडीच्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये ते दहा लाखांच्या घरात असतात. ते प्रकाशातून साखर बनवतात आणि तिचा मोठा हिस्सा यजमानाला देतात. उथळ पाण्यातल्या प्रवाळाची नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जा या मार्गाने येऊ शकते. म्हणजे टाकीवरचा दिवा ही सजावट नाही, तो रोजचा स्वयंपाक आहे. आणि प्रत्येकाची भूक सारखी नसते.

ही भूक समुद्रात ठरते. पाणी सूर्याचा प्रकाश सरसकट गिळत नाही. तांबडा रंग पहिल्या काही मीटरमध्येच संपतो, मग नारिंगी, पिवळा. निळा सगळ्यांत खोल उतरतो. विजयदुर्गपासून पश्चिमेला सुमारे 105 किलोमीटरवर भर समुद्रात ‘आंग्रिया बँक’ नावाचं बुडालेलं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे प्रवाळक्षेत्र महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं मोठं धन आहे. त्याचा सगळ्यांत उथळ माथासुद्धा पाण्याखाली वीस मीटरच्या आसपास आहे. तिथे पोचेपर्यंत तांबडा प्रकाश जवळपास उरत नाही. प्रवाळ वाढतात ते निळ्या-हिरव्या उजेडात, आणि पृष्ठभागावरच्या उन्हाचा थोडासाच हिस्सा त्यांच्यापर्यंत येतो. झूझँथेलींची रंगद्रव्यंही त्याला साजेशी आहेत: क्लोरोफिल सी आणि पेरिडिनिन, दोन्ही निळ्या पट्ट्यात भरपूर काम करणारी. म्हणून रीफचा दिवा निळा दिसतो.

निळा उजेड स्वस्त झाल्याला फार काळ लोटलेला नाही. इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना निळ्या एलईडीसाठी 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. नाकामुरांनी हा भरपूर उजेड देणारा दिवा 1993 मध्ये जगापुढे आणला होता. त्याच्या आधी रीफ ठेवणारे 250 किंवा 400 वॅटचे मेटल हॅलाइड दिवे वापरत, नाहीतर टी-5 ट्यूबच्या रांगा लावत. मेटल हॅलाइड पाणी तापवतो, वीज खातो आणि वर्षभरात त्याचा रंग बदलतो. बारामतीच्या मे महिन्यात तो लावणं म्हणजे टाकीत हीटर टाकणंच. एलईडीने हे चित्र पालटलं. आपल्याकडे 2015 मध्ये ‘उजाला’ योजना आली आणि सरकारी खरेदीतला घरगुती एलईडी बल्ब दोन-तीन वर्षांत तीनशे रुपयांच्या वरून चाळीसच्या खाली उतरला. रीफच्या दिव्याच्या किमतीत तशी घसरण झाली नाही. आतले मणी स्वस्त झाले, पण मोबाइल ॲप, ढग-विजेचे देखावे, चकाकत्या ॲल्युमिनियमची पेटी आणि आयात शुल्क, हे सगळं गिऱ्हाइकाच्या बिलातच राहिलं.

निळ्या पाण्याच्या या गोष्टी पलाऊला किंवा लक्षद्वीपला शोभतात. आपला शेजार वेगळा आहे, आणि त्यानेही काही शिकवलं आहे. इंदापूर तालुक्याच्या उत्तर कडेला उजनीचा जलाशय आहे. धरण 1980 मध्ये पूर्ण झालं, साठा 117 टीएमसी. भिगवणच्या बाजारात चिलापी, कटला, रोहू, वाम, मरळ यांच्या पाट्या लागतात त्या याच पाण्याच्या जिवावर. हिवाळ्यात रोहित बघायला माणसं येतात तीही इथेच. कुंभारगावाकडच्या काठावरून होडीने आत जाताना पाण्यात हात घातला, तर कोपरापर्यंत नीट दिसत नाही इतकं ते हिरवट-गढूळ असतं. पाण्याची पारदर्शकता मोजायला पांढरी तबकडी दोरीला बांधून खाली सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की दोरीची लांबी मोजायची, ही युक्ती इटलीतले खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेकी यांनी 1865 मध्ये वापरली. आजही जलाशयांत तीच चालते. उजनीच्या हिरव्या पाण्यात ती तबकडी फार खाली जायच्या आधीच नाहीशी होते. समुद्र मात्र सगळीकडे काचेसारखा असतो, हा आपला समज.

तो खरा नाही. कोकणचा समुद्र वर्षातले कित्येक महिने गढूळ असतो. पावसाळ्यात नद्या लाल माती आणून ओततात, लाटा तळ ढवळतात, आणि तरीही मालवणच्या किनाऱ्याला प्रवाळ आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर पोराइट्स, टर्बिनारिया आणि इतर जाती सापडतात. मालवण सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर. रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला उघड्या पडणाऱ्या डबक्यांत झोअँथिडच्या चादरी पसरलेल्या असतात, बटणाएवढी तोंडं मिटून. मंद उजेडात, मातीच्या पाण्यात, दगडांच्या कपारीत हे जीव टिकून आहेत. जिथे ऊन कमी तिथे कमी भुकेचे प्राणी. हा कोकणचा धडा मला देशावरच्या दोन फुटी टाकीसाठी लाखमोलाचा वाटतो.

आता कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 मध्ये सागरी प्राण्यांची मोठी भर पडली. सगळी दगडी प्रवाळं, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे त्यात आले. समुद्री घोडे, सगळ्या समुद्री काकड्या आणि काही महाकाय शिंपलेही आले. पहिल्या अनुसूचीतला प्राणी म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण. शिक्षा तीन ते सात वर्षं कैदेची. मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाही यातून सुटत नाही. म्हणून ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा समुद्रातला प्रवाळखडक विकत घेऊ नका. सिमेंट-वाळूचा किंवा सिरॅमिकचा बनवलेला दगड घ्या. काही महिन्यांत त्यावर जिवाणूंचा थर बसतो आणि तो तेच काम करतो.

मेख इथेच आहे. परदेशी टाक्यांमध्ये दिसणारी ती टोकदार, फांद्याफांद्यांची, गुलाबी-जांभळी प्रवाळं, म्हणजे ज्यांना हौशी लोक ‘एसपीएस’ म्हणतात ती, सगळी दगडी प्रवाळं आहेत. त्यांनाच 200 ते 350 मायक्रोमोल प्रकाश लागतो आणि महागडे दिवे त्यांच्यासाठीच बनतात. भारतात ती ठेवता येत नाहीत. मग त्यांचा दिवा कशाला?

कायद्याच्या कक्षेत राहून नवशिक्याला ठेवता येतात ते झोअँथिड, मशरूम प्रवाळं आणि काही मऊ चामड्यासारखी प्रवाळं. परदेशातून आलेला जीव असेल तर आयातीचे कागद आणि पक्की पावती मागून घ्यायची, आणि दुकानदार ‘कशाला लागतं ओ पावती’ म्हणाला तर दुसरं दुकान बघायचं. कोकणच्या किनाऱ्यावरून उचलून आणायचा विचारही मनात आणू नका, अभयारण्यात तो गुन्हा आहे आणि बाहेरही तो किनाऱ्याचा तोटा आहे. मासे संवर्धनातले घ्यावेत. क्लाउनफिशची पैदास केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केव्हाच साध्य केली आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेल्या माशाची गरजच नाही.

या मऊ मंडळींची भूक किती? मशरूमला 30 ते 80 मायक्रोमोल पुरतो. झोअँथिडना 60 ते 150. चामड्या प्रवाळाला 80 ते 150. भर दुपारी बारामतीच्या उघड्या रानात हाच आकडा दोन हजारांच्या आसपास असतो. ‘पार’ म्हणून जे मोजतात ते हेच: 400 ते 700 नॅनोमीटरच्या पट्ट्यातले प्रकाशकण एका चौरस मीटरवर सेकंदाला किती पडतात. अठरा इंच खोल पाण्याच्या तळाशी शंभर मायक्रोमोल मिळवायला पन्नास वॅटचा बरा एलईडी पुरून उरतो.

बाजारात काय मिळतं, तेही पाहू. मत्स्यालयाच्या दुकानात ‘मरीन लाइट’ म्हणून दहा-बारा वॅटच्या, निळी-पांढरी पट्टी असलेल्या सळ्या दिसतात. दोन-तीन मशरूमना त्या चालतील, झोअँथिडला नाहीत. काळ्या पेटीतले चिनी दिवे असतात, दोन वायरींचे, निळा आणि पांढरा रंग वेगवेगळा मंद करता येणारे. नवशिक्याने डोळे झाकून घ्यावा असा माझ्या मते हाच प्रकार. त्यांवर ‘165 वॅट’ छापलेलं असलं तरी भिंतीतून ते त्याहून बरेच कमी ओढतात, म्हणून छापील आकड्यावर न जाता प्लग-मीटरने खरा वॅट बघावा. गुलाबी-जांभळे ‘ग्रो लाइट’ घेऊ नयेत. पॉलीहाऊसमध्ये भाजीच्या रोपांना तांबडा प्रकाश हवा असतो म्हणून ते तसे बनवतात. समुद्राच्या टाकीत तांबडा उजेड आधी हिरवं शेवाळ पोसतो. अंगणातला फ्लडलाइट, 6500 केल्विनचा, टाकीवर टांगून काम भागतं का? भागतं. रंग उठत नाहीत, पिवळट दिसतं, पण झोअँथिड जगतात आणि वाढतात. ज्याच्या खिशात फक्त हजार रुपये आहेत त्याने लाज न बाळगता तो लावावा आणि पुढे एक निळी पट्टी जोडावी.

हाताला सोल्डरिंगची सवय असेल तर आणखी एक वाट आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीत चक्कर मारली की तीन वॅटचे ‘स्टार’ मणी मिळतात, ॲल्युमिनियमच्या चांदणीवर बसवलेले. 450 नॅनोमीटरचे ‘रॉयल ब्लू’ बारा आणि थंड पांढरे बारा घ्यायचे. जाड पंखांची हीट सिंक घ्यायची, दोन फुटी टाकीला सव्वा फूट लांबीची पुरते. प्रत्येक चांदणीखाली थर्मल पेस्टचा तांदळाएवढा ठिपका. जास्त लावली की उष्णता अडते, कमी लावली की मणी जळतो. चांदणी दाबून गोल फिरवायची म्हणजे पेस्ट सारखी पसरते, मग दोन स्क्रूंनी आवळायची. बारा निळे एकामागे एक, मालिकेत जोडायचे. प्रत्येक मणी साधारण 3.2 व्होल्ट घेतो, म्हणजे ओळीला 38 व्होल्ट. 700 मिलिअँपिअरचा स्थिर-प्रवाहाचा ड्रायव्हर या ओळीला, तसाच दुसरा पांढऱ्यांना. पूर्ण उजेडावर दोन्ही मिळून चोपन्न वॅट, ड्रायव्हरची घट धरून भिंतीवर साठ. पांढरे निम्म्यावर ठेवले की पन्नासच्या खाली येतं आणि टाकीला हवा तो समुद्राचा निळसर रंग चढतो. मण्यांखाली स्वच्छ ॲक्रिलिकची पाटी हवीच. पाण्याचे तुषार उडतात, सुकतात, आणि मिठाची पांढरी कड सोल्डरवर चढली की महिन्याभरात तांबं हिरवं पडतं. हे सगळं करताना बाजारभावाच्या काळ्या पेटीपेक्षा पैसे फार वाचत नाहीत, हे मोकळेपणाने सांगतो. वाचतं ते दुरुस्तीचं परावलंबन. मणी गेला तर बारामतीत बसून पंधरा मिनिटांत बदलता येतो.

खारं पाणी आणि वीज एका जागी आली की जीव सांभाळावा लागतो. टाकीच्या सर्किटला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी, अर्थिंग तपासून घ्यावं, आणि प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ द्यावा म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळाच्या तळाशी टपकतं. दिव्यावर कितीही काटकसर करा, या तीन गोष्टींवर हात आखडता घेऊ नका.

मोजायचं कसं, हा प्रश्न राहतो. खरं ‘पार’ मीटर दिव्याहून महाग. मोबाइलमध्ये लक्समीटरचं ॲप असतं, ते पांढऱ्या उजेडात बरा अंदाज देतं: दहा हजार लक्स म्हणजे साधारण 140 मायक्रोमोल. निळ्या उजेडात ते फसतं, कारण लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे आणि आपला डोळा निळ्याला मंद समजतो. निळ्या दिव्याखाली मोबाइलवर तीन हजार लक्स दिसले आणि ‘उजेड कमी पडतोय’ म्हणून दिवा वाढवला, तर टाकीत प्रत्यक्षात दुप्पट-तिप्पट प्रकाश पडलेला असतो. त्यामुळे ॲपचा आकडा खरा मानू नये. आज इतका होता, उद्या तितकाच आहे का, एवढी तुलना करण्यापुरता तो ठेवावा.

सगळ्यांत भरवशाचं मीटर प्रवाळ स्वतःच आहे. झोअँथिडचं एक तोंड नीट न्याहाळा. साधारण सेंटिमीटरभर व्यासाची चकती, कडेला बारीक झालर, खाली जाडसर दांडा. सकाळी दिवा लागल्यावर लगेच काही घडत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी मिटलेल्या मुठीची कड सुटते, झालर एकेक करून बाहेर येते आणि चकती सपाट होते. उजेड कमी पडत असेल तर काही आठवड्यांत दांडा उंच ताणला जातो, एरवी दगडाला चिकटून बसणारी तोंडं लांब मानेची दिसायला लागतात. उजेड जास्त असेल तर ती दुपारपर्यंत अर्धवट मिटलेली राहतात, रंग उडतो. मशरूमचंही तसंच: उजेड जास्त झाला की ते आक्रसतं, कडा आत वळतात, फिकट पडतं, आणि कधी दगड सोडून सावलीत वाहत जातं. चामडं प्रवाळ अधूनमधून मेणचट कात टाकतं, ती उजेडाची तक्रार समजू नये, तो त्याचा स्वभाव आहे. महिनाभर रोज याच वेळी पाच मिनिटं बघितलं की मीटरची उणीव भासत नाही. आणि झोअँथिड हाताळताना हातमोजे घालावेत. यांपैकी पॅलिथोआ जातीत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. त्याचा दगड कधीही उकळू नये, गरम पाण्याने घासू नये, वाफेतून ते विष फुफ्फुसात जाऊन माणसं दवाखान्यात पोचल्याची उदाहरणं जगभर आहेत.

नव्या टाकीत पहिले चार ते सहा आठवडे दिवा लावूच नये. त्या काळात अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडावर स्थिरावतात, त्यांना उजेडाची गरज नसते. तेव्हा दिवा चालू ठेवला तर फक्त तपकिरी डायटम आणि लांब केसांचं हिरवं शेवाळ माजतं. ‘लाइट खराब आहे म्हणून शेवाळ आलं’ ही तक्रार मत्स्यालयाच्या दुकानात वारंवार कानावर पडते. दिव्याचा दोष त्यात क्वचितच असतो, पाण्यात खतं असतात. आणि इथे बारामती-इंदापूरचा स्वतःचा प्रश्न येतो. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात अतिपाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी आहेत, बोअरचं पाणी कठीण आणि खारट लागतं. बोअर खारं आहे म्हणून ते समुद्राच्या टाकीला चालेल, असं काहींना वाटतं. चालत नाही. त्यातले क्षार वेगळे, प्रमाण वेगळं, आणि शेतातून झिरपलेलं नायट्रेट सोबत. आरओचं पाणी घ्यावं, टीडीएस मीटरवर शून्याच्या जवळ आणावं, त्यात सागरी मीठ लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास घालून विशिष्ट गुरुत्व 1.025 करावं. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत दगड-वाळू धरून शंभर लिटर पाणी मावतं, म्हणजे साडेतीन किलो मीठ.

जिवाणूंचं हे चक्र पूर्ण झालं, पहिला झोअँथिड आला, की दिवा निम्म्याहून कमी ताकदीवर, रोज सहा तास. ऊसरोपवाटिकेतलं किंवा पॉलीहाऊसमधलं रोप थेट रानात लावलं तर करपतं, म्हणून शेतकरी त्याला आधी शेडनेटखाली आणि मग अर्ध्या उन्हात ठेवतो. प्रवाळालाही तसंच हळूहळू हार्डन करावं लागतं. दर आठवड्याला थोडा उजेड वाढवत महिन्याभरात आठ-नऊ तासांवर यावं. बाराच्या वर कधीही जाऊ नये. स्वस्तातलं स्वस्त टायमर इथे महागड्या ॲपपेक्षा सरस ठरतं, कारण ते विसरत नाही.

उजेड आणि उष्णता एकत्र आली की प्रवाळ पांढरं पडतं. झूझँथेली तणावाखाली घातक ऑक्सिजन रेणू बनवतात आणि यजमान त्यांना बाहेर टाकतो. समुद्रात उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाहून एक अंश पाणी चढलं आणि तसंच आठवडे राहिलं, तरी हा धोका असतो. मालवणच्या प्रवाळांनीही ही झळ सोसली आहे. आपल्या टाकीचं तापमान 25 ते 27 अंश हवं आणि मे महिन्यात बारामतीत बाहेर पारा 40 च्या वर जातो. म्हणून फुकटचं ऊन वापरायची कल्पना मोहक असली तरी इथे ती नकोच. पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेली टाकी संध्याकाळी चारच्या उन्हात तीस पार करते.

पण देशावरच्या कोरड्या हवेचा एक मोठा फायदा मुंबईकराला मिळत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर कॉम्प्युटरमधला छोटा पंखा मारला की बाष्पीभवनाने पाणी दोन ते चार अंश थंड होतं. मुंबईच्या दमट हवेत हे फारसं जमत नाही, बारामतीच्या मे महिन्यात झकास जमतं. रोज लिटर-दोन लिटर पाणी उडून जातं, ते भरताना मात्र गोडं आरओचं पाणी घालायचं. मीठ उडत नाही, ते टाकीतच राहतं. चिलरचा हजारोंचा खर्च यामुळे टळतो, आणि एकदा तो टळला की दिव्याच्या किमतीचा प्रश्नही हलका होतो.

विजेचा हिशेब असा. पन्नास वॅट, रोज नऊ तास, म्हणजे महिन्याला साडेतेरा युनिट. 250 वॅटचा मेटल हॅलाइड असता तर साडेसदुसष्ट. महावितरणच्या बिलात शंभर युनिटांच्या पुढे दर झपकन चढतो, म्हणून हा फरक पैशांत आणखी मोठा होतो. वीज गेली तर दिव्याची चिंता करू नका, समुद्रातही पावसाळ्यात दिवसेंदिवस आभाळ झाकलेलं असतं, प्रवाळ एक-दोन दिवस अंधार सहज सोसतं. पाण्याची हालचाल थांबली तर मात्र काही तासांत ऑक्सिजन संपतो. इन्व्हर्टरवर दिवा न जोडता पंप जोडावा, आणि तो नसेल तर बॅटरीवरचा हवेचा पंप घरात ठेवावा.

एक शंका नेहमी येते: मग दुकानातल्या टाकीत ते झगमगतं हिरवं-नारिंगी कसं दिसतं? प्रवाळांच्या अंगात चकाकणारी प्रथिनं असतात. निळा प्रकाश शोषून ती हिरवा किंवा तांबडा परत टाकतात. ओसामू शिमोमुरांनी 1962 मध्ये जेलीफिशमध्ये असं हिरवं प्रथिन शोधलं, 2008 मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं, आणि पुढे प्रवाळांमध्येही त्याचं कुळ सापडलं. दुकानदार पांढरे दिवे बंद करून फक्त निळे ठेवतो तेव्हा ही चकाकी डोळे दिपवते. तो देखावा आहे, पोषणाचं मोजमाप नाही. घरी संध्याकाळी अर्धा तास पांढरे बंद करून निळे ठेवले की तोच देखावा त्याच स्वस्त दिव्यात मिळतो, कारण चकाकीला लागते ती 450 नॅनोमीटरच्या आसपासची लहर, आणि ती साध्या मण्यातही तीच असते.

म्हणून बारामतीतल्या किंवा इंदापुरातल्या नव्या हौशाने पैसे या क्रमाने ठेवावेत असं मी सुचवीन: आधी आरओ आणि टीडीएस मीटर, मग खारटपणा मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर, मग दोन हालचालीचे पंप आणि पंपाला पुरेल एवढी बॅटरी, मग आरसीसीबी, आणि शेवटी दोन वायरींची काळी पेटी किंवा तपकीर गल्लीतले चोवीस मणी. दिवा पाण्यापासून आठ-नऊ इंच वर टांगावा, दर रविवारी ॲक्रिलिकची पाटी गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसावी, कारण मिठाचा थर चढला की उजेड हळूहळू घटत जातो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. वर्षभराने झोअँथिडच्या तोंडांची संख्या वाढली की त्यांतली चार दगडासकट मित्राला द्यावीत, हातमोजे घालून आणि त्याच्या दिव्याची ताकद आधी निम्म्यावर आणून.